सरव्यातली डबी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई. नंतर मधेच कुणी फिस्सकन हसलं, तर चहा अर्धा ठेवून उठून जाईन. एवढी वर्षं झाली, पण ही गोष्ट सांगायला बसलं की माझा राग अजून उकळतो. सुभेदारावरचा, गुरवावरचा, तलाठ्यावरचा. आणि खरं सांगू का? त्या सगळ्यांवरचा मिळून होणार नाही एवढा माझा माझ्यावर.

आधी मला एक सांगा. रानात मातीखाली कुणाला काही सापडलं, तर ते कुणाचं? सापडणाऱ्याचं? का ज्याचं रान त्याचं? का सरकारचं? का देवाचं?

घाईनं उत्तर देऊ नका. मी घाईनं दिलं होतं. साऱ्या गावासमोर, चावडीवर, हात नाचवून दिलं होतं.

आमचं गाव आटपाडीच्या अंगाला. आमच्याकडं पाऊस येतो तोच पत्ता चुकल्यासारखा. पण त्या साली बरा पडला होता, आणि सुभेदाराच्या ओढ्याकडच्या रानात भुईमूग असा धरला होता की वेल उपटताना बायकांच्या कमरेतनं आवाज यायचा. सुभेदार म्हणजे पलटणीतनं पेन्शनीत आलेला गडी. गावातला पहिला ट्रॅक्टर त्याचा. घरात म्हशीला वैरण टाकायची तरी ऑर्डर सोडल्यासारखं बोलायचा.

आता तुम्ही शहरातल्या, म्हणून सरवा म्हणजे काय ते सांगते. शेंगा काढून झाल्या की मालक रानात एकदा कुळव फिरवतो. वर येतील त्या शेंगा त्याच्या. ते झालं की तो बांधावर उभा राहून ओरडतो, "सरवा मोकळा!" तिथनं पुढं ते रान आम्हा बायकांचं. खुरपं घेऊन बसायचं, माती उकरायची, आणि मागं राहिलेली शेंग जिला सापडेल तिची. मालक वाटा मागत नाही, ओटीत डोकावत नाही. आमच्यासारख्या बिनरानाच्या बायकांची वर्षाची चटणी, कालवणाला दाण्याच्या कुटाचा म्हाद्या, नातवंडांच्या खिशातला खाऊ, घाण्यावर नेल्या तर डब्याभर तेल, सगळं त्या सरव्यावर. त्यामुळं सरवा म्हणजे काही भीक नव्हे. आमच्या आज्ज्या-पणज्यांपासनं चालत आलेला हक्क आहे तो.

तर त्या दिवशी सुभेदार ओरडला आणि आम्ही साऱ्या रानात घुसलो. आमचे हे घरी नव्हते. मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन करायला गेले होते. माझ्या शेजारी बसली होती हौसा, माझी धाकटी जाऊ. हिचे हात चालायचे ते बरोबर, पण डोळे सतत माझ्या ओटीकडं.

उन्हं चांगली वर आली असतील. माझं खुरपं मातीत गेलं आणि वाजलं, खण्ण!

दगड असा वाजत नाही. मी हळूच माती बाजूला केली. तर तांब्याची डबी! मोठ्या पेरूएवढी. हिरवी पडलेली. तोंड राळेनं गच्च बुजवलेलं. कानाशी धरून हलवली, तर आत खुळखुळ, खुळखुळ.

"आक्का, काय गं ते?" हौसा.

"दगड हाय."

"दगड खुळखुळतो व्हय?"

"तुला काय करायचंय? तुज्या म्होरल्या शेंगा उकर की."

पण हौसाला गप्प बसवणं म्हणजे कुळवाला उलटं चालवणं. "आगं बयांनो! आक्काला धन घावलं!" अशी किंचाळली की ओढ्यापलीकडची मेंढरं बिथरली. झालं. साऱ्या बायका माझ्याभोवती गोळा. मी घाईघाईनं ओटीतल्या शेंगा भुईवर ओतल्या, डबी ओटीत घातली, वरनं पदराला गाठ मारली, ती पण दुहेरी.

तोवर सुभेदार बांधावरनं खाली.

"काय गोंधळ लावलाय? लाइन का मोडली?"

"काय न्हाई सुभेदार. सरवा येचतोय."

"ओटीत काय हाय?"

ऐकलंत? ओटीत काय आहे! एवढ्या वर्षांत कुठल्या मालकानं बाईला हे विचारलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या ओटीत माझं हाय."

"अनुसाक्का, गुमान ती डबी हिकडं आन. रान माझं, रानातली चीजवस्तू माझी."

"आवं सुभेदार, मघाशी सरवा मोकळा म्हणून कोण वरडलं? मी का तुमी?"

"सरवा शेंगांचा! डबीचा न्हाई!"

"मग तसं वरडायचं व्हतं की! शेंगांचा सरवा मोकळाऽऽ, डबीचा सरवा बंदऽऽ!"

मी अगदी त्याच्यासारखी छाती काढून ओरडून दाखवलं. बायका खो-खो हसल्या. तिथं माझं चुकलं बघा. पलटणीतल्या माणसाला गोळी लागलेली चालते, बायका हसलेल्या चालत नाहीत. सुभेदार मिशीच्या टोकापर्यंत लाल झाला.

"आसं हाय तर! मग ऐका समद्या. आजपासनं माझ्या रानात सरवा बंद. कायमचा! आन आत्ता येचलेल्या शेंगाबी हितंच वता. उठा!"

बायकांचे हात ओट्यांवर गेले. सुभेदाराचं रान गावात सगळ्यांत मोठं. त्यानं बंद केलं की उद्या दुसरा करणार, परवा तिसरा. मला सांगा, हा कुठला न्याय? शेंग सापडली तेव्हा आमची, आणि जरा खुळखुळ वाजलं की मालकाची? म्हणजे हक्क कसा, तर वस्तू हलकी असेल तोवर!

मी म्हटलं, "एक शेंग वतायची न्हाई गं कुणी! चला चावडीवर. घावलं तिचं, ह्ये आज गावाम्होरं ठरू द्या. एकदाच!"

आणि निघाले. मागं साऱ्या बायका, त्यांच्या मागं सुभेदार. गावाकडच्या पांदीच्या वाटेपर्यंत आलो आणि माझ्या ध्यानात आलं, माझ्या शेंगा! वळून बघते तर हौसाची ओटी दोन जिवांच्या बाईसारखी फुगलेली.

"हौसे, माझ्या शेंगा?"

"कुठल्या तुज्या? भुईवर पडल्या व्हत्या. मला घावल्या."

मी तिच्या ओटीला हात घातला, आणि तसाच मागं घेतला. 'घावलं तिचं' म्हणून रानभर मीच तर ओरडत होते! एखाद्या शहाण्या बाईनं तिथंच ओळखलं असतं की हा कायदा आपल्याच पायात येणार. पण शहाण्या बायका डबी ओटीत घालून चावडीवर जातच नाहीत.

आमच्या आधी बातमी चावडीवर पोचली होती. पांदीत जी डबी होती, ती गावात शिरताना चरवी झाली, मारुतीच्या पारापर्यंत हंडा झाला, आणि एसटीडीच्या बूथवर पोचली तेव्हा सात रांजण! फोनवाला तिथनंच पळत आला.

"अनुसाक्का! उंब्रजवरनं तुमच्या लेकीचा फोन! म्हंती, आईला म्हणावं जावयाला इसरू नगो!"

उंब्रजला कुणी कळवलं? आजतागायत पत्ता नाही. लेकीनं दिवाळीला साधा निरोप धाडला नव्हता, आणि आता बघा!

त्या दिवशी नेमके तलाठीसाहेब गावात आलेले. सांगलीचे, नवे, इस्त्रीची पॅन्ट, दुपारच्या एसटीकडं डोळा. सुभेदारानं त्यांना खुर्ची दिली. आम्हाला कुणी काही दिलं नाही, म्हणून आम्ही बायकांनी चावडीची पायरीच धरली.

तलाठीसाहेबांनी सगळं ऐकलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "हे पाहा बाई, जमिनीखाली पुरलेलं धन सापडलं तर ते सरकारला कळवावं लागतं. तहसीलदार, मग कलेक्टर. पंचनामा होईल. तोवर वस्तू सरकारजमा."

"साहेब, शेंगा कुठं आसत्यात?"

"म्हणजे?"

"झाडावर लागत्यात का जमिनीखाली?"

"जमिनीखाली."

"मग त्यांचा पंचनामा का न्हाई केला? रताळं जमिनीखाली, मुळा जमिनीखाली, गाजर जमिनीखाली. न्या की पोती भरभरून कलेक्टरकडं! एवढी वरसं गरिबाच्या बाया माती उकरत्यात, तवा सरकार कुठं गेलतं? आन आज एक डबी वाजली, तर सरकारला आयकू आलं?"

बायकांनी "व्हय, व्हय!" केलं. साहेबांनी घड्याळात बघितलं.

एवढ्यात गुरव पुढं आला. देवळाची पूजा त्याच्याकडं. डोळे अर्धे मिटून म्हणाला, "वाद कशाला? ओढ्याच्या अंगाला म्हसोबाचं ठाणं हाय. तिथलं धन म्हंजी देवाचं धन. देवळात जमा करा. न्हाईतर कोप हुईल, सांगून ठेवतो."

"कुणावर हुईल कोप?"

"तुझ्यावर, आनखी कुणावर!"

"गुरवबाबा, आमी देव सोडून जमाना झाला. आता देवाला कोपायचं तर पत्ता हुडकत यावं लागंल."

हे मात्र मी तोऱ्यात म्हटलं. आम्ही बौद्ध. दीक्षेच्या साली आमच्या गावात पहिलं पाऊल टाकलं ते माझ्या सासऱ्यांनी. मी त्याच्यानंतर नांदायला आले. आले तेव्हा देवाच्या कोनाड्यात रॉकेलची चिमणी ठेवलेली होती. सासरे म्हणायचे, "आता हितं उजेड ठेवायचा." मी आयुष्यात त्या कोनाड्यात दुसरं काही ठेवू दिलं नाही. हौसा चोरून पोराच्या पाळण्याला लिंबू बांधायची, तर मी ते सोडून त्याचं सरबत केलं होतं. एवढी मी कडक! त्यामुळं गुरवाला असं उत्तर देताना माझ्या मानेचा काटा जरा जास्तच ताठ झाला होता.

मग मी उभीच राहिले. पदर खोचला आणि म्हटलं, "गाव ऐका रं! रानात तण काढायला, भांगलायला वाकायचं आमी. काढणीला कंबर मोडायची आमी. तवा रान कुणाचं, ते कुणी इचारत न्हाई. आन धातू वाजला तर समदे वारस! मालक वारस, सरकार वारस, देव वारस! एकटी मीच तेवढी परकी, जिच्या खुरप्याला ती घावली? मग सुभेदार, तुमचा सरवा बंद, तर आमची भांगलण बंद. उद्यापासनं तुमच्या रानात एक बाई पाय ठेवायची न्हाई. ट्रॅक्टरला सांगा भांगलायला!"

आणि काय सांगू, साऱ्या बायका एकदम उठून उभ्या! हौसासुद्धा, माझ्या शेंगांसकट! सुभेदार मिशी चावायला लागला. ज्वारीत तण गुडघ्याला लागलेलं. बायकांशिवाय ते काय मिलिटरी काढणार होती?

पण माघार कोण घेणार? तो हटेना, मी हटेना. ऊन कलायला लागलं. आणि मग, बाई गं, माझ्या डोक्यातनं ती अक्कल निघाली. कुणी मागितली नव्हती, कुणी विचारली नव्हती. माझी मीच काढली.

मी म्हटलं, "आसं करा. ज्यानं ही पुरली त्याच्या घराला म्हाईत आसंल आत काय हाय. तर ज्याला ही आपली वाटती, त्यानं न उघडता आत काय हाय ते सांगावं. बरुबर निघालं तर डबी त्याची. माझं काय म्हणणं न्हाई. न्हाई निघालं तर डबी माझी, आन सरवा जलमभर मोकळा. बोला!"

कसली हुशारी! कुणाला सांगता येणार होतं? मी मनातल्या मनात सोनाराच्या दुकानाची पायरी चढले होते.

तलाठीसाहेबांना तर सुटल्यासारखं झालं. "छान. तोडगा छान आहे."

"मंजूर," सुभेदार म्हणाला. खांदे ताठ केले. "आत मोहरा हायत. सोन्याच्या. माझ्या आज्यानं पुरल्याल्या."

"तुमच्या आज्याकडं मोहरा व्हत्या?" मागनं कुणीतरी म्हातारा बोलला. "माझ्या बाकडनं तंबाखू मागून खायचा की त्यो!"

गुरवानं डोळे पुरे मिटले. "मला दिसतंय... देवीचे डोळे. सोन्याचे. आन एक नथ."

"म्हसोबाच्या ठाण्यात देवीचे डोळे कशाला आले?" मी.

"आले आसतील पावणे म्हणून."

"साहेब, सरकारचं काय म्हणणं?"

तलाठीसाहेब म्हणाले, "सरकारला अंदाज करता येत नाही."

संपलं! मी खुरपं काढलं, राळ फोडायला टोक लावलं, आणि नेमकी तेव्हाच एसटी आली. एसटीतनं उतरले आमचे हे. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी, भिंतीला हात लावत लावत चावडीकडं. एवढी गर्दी बघून जागीच थांबले.

"कोण गेलं रं?"

"कोण गेलं न्हाई दाजी," हौसा आनंदानं ओरडली, "आक्काला धन घावलं!"

मग साऱ्यांनी एकदम सांगितलं. त्यातनं त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक. म्हणाले, "बघू. हिकडं आन."

मी म्हटलं, नुकतं ऑपरेशन झालंय म्हाताऱ्याचं, दिसणार काय डोंबल, निदान हाताला तरी लागू दे बिचाऱ्याच्या. दिली डबी. त्यांनी बोटं फिरवली. बुडाला एक पोचा होता, त्याच्यावर अंगठा थांबला. मग कानाशी नेऊन हलवली. एकदा. दोनदा. आणि त्यांचं तोंडच बदललं.

"घावली कुठं?"

"ओढ्याकडंला. सुभेदाराच्या रानात."

"पाच हायत आत," हे म्हणाले.

मी त्यांना चिमटा काढला. गप्प बसा म्हणून! आपल्या घरातल्यानंच चुकीचं सांगितलं तर हसं नको व्हायला. पण ते बोलतच राहिले, हळूहळू, जसं कुणी लांबचं वाचतंय.

"चार चांदीचे. घोड्यावरचा खंडोबा, जोतिबा, मरीआई, आन म्हसोबा. पाचवा तांब्याचा. त्यो माझ्या आज्याचा. चांदी कमी पडली म्हणून तांब्याचा केल्ता. आन संगं चिमूटभर भंडारा."

"फोड गं, अनुसाक्का!" गाव ओरडलं.

फोडली. तळहातावर ओतली. टाक! देव्हाऱ्यात ठेवतात ते देवांचे टाक, अंगठ्याएवढ्या पत्र्यावर ठोकलेले. चार चांदीचे, एक तांब्याचा. आणि वर वाळून काळपट झालेली हळद.

सारी चावडी माझ्या हातावर वाकली. आणि मी? मला आधी एवढंच कळलं की आपण जिंकलो!

"निघालं!" मी उडीच मारली. "बरुबर निघालं! आमच्याच घरचं निघालं! घावलं म्हणून माझं, आन घरचं म्हणूनबी माझं! दोनदा माझं! आता कोण घेतो बघू!"

अशी मी तळहात वर धरून साऱ्या चावडीला दाखवत फिरले. आणि फिरता फिरता माझी नजर तळहातावर गेली. घोड्यावरचा खंडोबा माझ्याकडं बघत होता.

"आवं," मी हळूच म्हटलं, "ह्ये... देव हायत?"

"मग काय सांगतोय मी मघापासनं?"

"आपलंच?"

"आपलंच. बानं पुरल्यालं. खड्डा मीच खणला व्हता. दीक्षा घिऊन आलो, तवा बा म्हणाला, नदीत सोडू. माणगंगेवर गेलो, तर पात्रात टिपूस न्हाई. बा म्हणाला, कोरड्या पात्रात टाकलं तर गुरांच्या पायाखाली येतील. आपुन सोडलं म्हंजी दुसऱ्याच्या लाथंखाली द्यायचं न्हाई. जमिनीत ठिवू. ठिवलं. आन शबूद दिला, आता ह्ये परत आपल्या उंबऱ्याच्या आत येनार न्हाईत."

घ्या! जे सासऱ्यांनी उन्हातान्हात जाऊन, खड्डा खणून, राळ लावून कायमचं सोडलं, ते मी साऱ्या गावाशी भांडून परत आणलं होतं! आणि ते पण कसं, तर नाचत!

तरी मी हरणारी नव्हे. गुरवाकडं वळले. "घ्या गुरवबाबा. देवाचं धन. ठिवा देवळात."

गुरव दोन पावलं मागं. "छ्या छ्या! तुमच्या आळीतलं देवळात कसं घिऊ?"

"आँ? घटकेपूर्वी देवाचं धन व्हतं! तवा आळी कुठं गेलती? का देवाला पण आळी आसती?"

गुरवाला एकदम सांजवातीची आठवण झाली. दुपारच्याला!

ऐकताय ना? बंद होती तोवर डबी साऱ्यांची होती. उघडली तशी कुणाचीच नाही! सोन्याला आळी नसते, मरीआईला असते. अजून आठवलं की हातातला कप फोडावासा वाटतो.

मी तलाठीसाहेबांकडं वळले. "साहेब, जमिनीखालचं हाय. करा पंचनामा."

"एवढ्याशा चांदीचा?" साहेब उठलेच. "मी आज इथं आलोच नव्हतो, असं समजा."

"सुभेदार, तुमी! रान तुमचं, रानातली चीजवस्तू तुमची म्हणला व्हता!"

सुभेदार काही बोलणार, तेवढ्यात आमच्या ह्यांनी अगदी साधेपणानं तोंड उघडलं. "न्हाई गं, तवा ते रान हेंचं कुठं व्हतं? गायरान व्हतं ते. गावची गुरं चरायची. सुभेदाराच्या बाचा बांध पार वर, बाभळीपाशी व्हता. म्हणून तर बानं तिथं पुरलं. म्हणाला, गायरान कुणी नांगरत न्हाई."

तलाठीसाहेब पायरीवरनं परत वर आले. खुर्चीत बसले. "गायरान? कुठपर्यंत होतं म्हणता?"

मी सुभेदाराला एवढ्या चपळाईनं हललेलं कधी बघितलं नाही. त्यानं आमच्या ह्यांचा दंड धरला, साहेबांकडं पाठ केली आणि बांधावर ओरडतो त्याच्या दुप्पट आवाजात ओरडला, "सरवा मोकळा! समद्यांना मोकळा! कायमचा! डबीबी तेंचीच! विषय क्लोज! साहेब, तुमची एसटी सुटती बघा!"

बायकांनी असा गलका केला की एसटीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून बघितला. जिंकलो होतो आम्ही. सरवा वाचला होता, आणि तो पण कायमचा. साऱ्या ओट्या सांभाळत घरी गेल्या.

मी मात्र घराच्या बाहेर उभी. डबी घेऊन. हे उंबऱ्यात आडवे.

"आत न्हाई आणायची."

"आवं, चांदी हाय. सोनाराकडं मोडली तर..."

"मोडून खायाची आसती तर बानंच मोडली आसती. त्या साली घरात जोंधळ्याचा दाणा न्हवता. तरी मोडली न्हाई."

मी डबी अंगणातल्या उखळात ठेवली, वर पाटी पालथी घातली, आणि सकाळी उठून तेच खुरपं घेऊन परत ओढ्याकडं गेले. सुभेदार स्वतः दाखवायला आला. "हितं पुरा, अनुसाक्का. खोल पुरा. आन ते गायरानाचं म्हातारबाला जरा..." म्हटलं, "जरा काय?" म्हणाला, "काय न्हाई. चहा घिऊन जावा."

मी खड्डा खणला. डबीला नवी राळ लावून आणली होती, ती ठेवली, माती लोटली. हे काळा चष्मा लावून बांधावर बसले होते. मी हात झाडून उठले, तर म्हणाले, "उठून चाललीस कुठं? आता ह्या जागंवर ध्यान तुझं."

"माझं का?"

"कायदा कुणी केला? घावंल तिचं म्हणून! म्होरल्या साली सरवा सुटला, आन ही हौसाच्या खुरप्याला लागली, तर? ती काय करंल, सांग."

सांगायला कशाला पाहिजे? एकतर मोडून पाटल्या करेल, नाहीतर चोरून बांधते त्या लिंबाशेजारी पुजायला मांडून बसेल. आणि विचारायला गेलं तर माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारेल.

त्यामुळं आता असं झालंय. सुभेदार अजून दरसाल बांधावर उभा राहून ओरडतो. साऱ्या बायका रानभर पांगतात, बडबडतात, ओट्या भरभरून शेंगा नेतात. आणि मी? ज्या बाईनं भांडून सरवा राखला ती मी, ओरडा झाला की सगळ्यांच्या आधी पळत सुटते, ओढ्याच्या अंगाला जाऊन ठराविक जागेवर फतकल मारते आणि दिवस मावळेपर्यंत तिथनं उठत नाही. बुडाखालची माती उकरता येत नाही आणि दुसरीकडं जाता येत नाही. ओटीत पडतात त्या हाताला लागतील तेवढ्याच. कुणी खुरपं घेऊन जवळ सरकलं की मी अंगावर जाते.

परवा एका नव्या सुनेनं हौसाला विचारलंच, "काकू, ह्या म्हातारीला काय हुतंय? आसं काय करती?"

हौसा म्हणाली, "काय न्हाई गं. दुसऱ्या गावात धनावर नाग बसतो. आमच्या गावात आक्का बसती."